माळकऱ्याचे ताट

॥ राम कृष्ण हरी ॥

भाविकहो, तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. भाद्रपद वद्य एकादशीचे कीर्तन पाटोदा तालुक्यातील एका लहानशा गावी होते. कीर्तन आटोपले, बुक्का लागला, मंडळी पांगली. तेवढ्यात पस्तिशीच्या आतला एक गडी मागे राहिला. पाया पडला व खाली मान घालून म्हणाला, "महाराज, एक इचारायचं व्हतं. माळ उतरून ठिवावी म्हणतो. पाप लागंल का?"

मी म्हटले, "का बरे माऊली? काय झाले?"

त्याने सांगितले ते असे. दोन वर्षांमागे आषाढीला पंढरपुरी त्याने माळ घातली. त्यापूर्वी कंदुरीचे जेवण म्हणा, आखाडाचे म्हणा, धुळवडीचे म्हणा, एकही चुकत नसे. आणि त्या जेवणाबरोबर दारूही आलीच. माळ घातली तशी दोन्ही सुटली. घरात चार पैसे टिकू लागले. पण हा मनुष्य ऊसतोडीचा. दसरा झाला की नवराबायको मिळून एक कोयता म्हणून कारखान्याला जायचे, ते पाडव्याच्या सुमारास परत यायचे. मागल्या हंगामात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना त्याला घेरी आली. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासले. रक्त कमी, बी-बारा नावाचे जीवनसत्त्व कमी. "अंडी-मटण खात जा, नाहीतर उपचार घे," असे त्यांनी सांगितले. बायकोला तिसरा महिना. तिचेही रक्त कमी. तिने माळ घातलेली नाही. पण नवरा माळकरी झाला म्हणून तिनेही सोडले, कालवणाचे वेगळे भांडे घरातून बाहेर काढले. मुकादमाची उचल घेतलेली होती, ती फेडायची होती.

"माळ ठिवली तर अंग साथ देईना. काढली तर दारू परत यील, याचं भ्याव वाटतं. काय करू?"

मला त्या रात्री उत्तर देता आले नाही. चाळीस वर्षे कीर्तन करणाऱ्या माणसाला एका ऊसतोड्याचे उत्तर का देता येऊ नये, याचे कारण शेवटी सांगतो. आधी प्रश्नाचा विचार शास्त्राच्या व संतांच्या आधाराने करू. कारण हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. आपल्या बीड जिल्ह्यात असे घर क्वचितच सापडेल की ज्यात एक माळकरी आणि बाकीचे खाणारे, अशी दोन ताटे नाहीत.

पहिली शंका : मांस वर्ज्य करावे असे शास्त्र खरोखर सांगते काय?

शास्त्र एका सुरात बोलत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात यज्ञातील मांसाला अनुज्ञा आहे. त्याच अध्यायात, मारणारा, तोडणारा, विकणारा, विकत घेणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा हे सारे त्या वधाचे वाटेकरी, असेही म्हटले आहे. आणि शेवटी निर्वाळा असा की, प्राणिमात्राची प्रवृत्ती तिकडे असतेच, त्यात दोष म्हणू नये. पण त्यापासून निवृत्त होण्याचे फळ मोठे. महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला अहिंसा हा परम धर्म सांगताना मांसत्यागाची थोरवी विस्ताराने गातात.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. खाणाऱ्याला शास्त्राने माणसांतून उठविलेले नाही. सोडणाऱ्याला मात्र थोर म्हटले आहे. म्हणून मांस न खाणे हे आपल्याकडे व्रत आहे, आणि व्रत म्हटले की ते ज्याने घेतले त्याचे. शेजाऱ्याला मोजण्याची ती तागडी नव्हे.

वनपर्वातील धर्मव्याधाची कथा कीर्तनात आपण कितीदा ऐकली असेल. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण, दृष्टीने बगळी जाळली म्हणून ताठलेला. त्याला धर्म शिकायला मिथिलेत कोणापाशी पाठविले? खाटकापाशी. तो व्याध मांस विकतो, परंतु स्वतः मारीत नाही व स्वतः खातही नाही. तोच ब्राह्मणाला सांगतो की, नांगर चालला तरी जमिनीतले असंख्य जीव मरतात. पूर्ण अहिंसक असा जगात कोणी नाही. जाणत्याने यत्न करून हिंसा कमी करावी, एवढेच आपल्या हाती. आमच्या संप्रदायातही सजन कसाई संतांच्या मालिकेत आहे. तुकोबारायांनी देवाच्या भक्तवात्सल्याची उदाहरणे देताना त्याचे नाव घेतले आहे. शाळिग्रामाचे वजन करून मांस तोलणाऱ्याच्या तागडीत देव सुखाने बसला, ही कथा आपण डोलत ऐकतो आणि घरी येऊन भावकीतल्या खाणाऱ्याच्या हातचे पाणी नाकारतो. हे जुळत नाही.

दुसरी शंका : जिवावर बेतले तर काय?

येथे छांदोग्य उपनिषदातील उषस्ती चाक्रायणाची कथा पाहावी. कुरुदेशी गारपिटीने पिके बुडाली. उषस्ती बायकोला घेऊन हत्तीवाल्यांच्या गावी उपाशी पडला. एकजण हलके कडधान्य खात होता, त्याच्यापाशी याने मागितले. तो म्हणाला, "माझ्या पानात उष्टे आहे तेवढेच." उषस्ती म्हणाला, "तेच दे." खाऊन झाल्यावर त्या माणसाने पाणी पुढे केले. ते मात्र याने नाकारले. उष्टे होते म्हणून. त्याने विचारले, "मग धान्य उष्टे नव्हते काय?" उषस्तीचे उत्तर असे : ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो, पाणी मला दुसरीकडेही मिळेल.

पाहा केवढा विवेक! गरज कोठे संपते आणि सोय कोठे सुरू होते, ती रेघ त्याने भुकेल्या पोटीही पुसू दिली नाही. ब्रह्मसूत्राच्या तिसऱ्या अध्यायात याच कथेच्या आधाराने निर्णय दिला आहे की, वाटेल ते अन्न घेण्याची मोकळीक प्राण जाण्याची वेळ आली असतानाच, एरवी नाही. तात्पर्य, प्राण वाचविण्यास अनुमती आहे, आणि त्या अनुमतीला कुंपणही आहे.

मला ही कथा पाठशाळेत शिकविली गेली, तेव्हा १९७२ चा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. त्या वर्षी मी बारा वर्षांचा होतो. रोजगार हमीच्या कामावर सुकडी मिळे, रेशनवर परदेशी लाल मिलो मिळे. सोवळ्यातली माणसेही सुकडीच्या रांगेत उभी राहिलेली मी पाहिली आहेत. कोणी कोणाला हसले नाही. पोट भरल्यावर हसायला येते.

आता माऊलींकडे वळू. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे निरूपण करताना माऊली एक विलक्षण गोष्ट सांगतात. जिवासाठी जीव मारावा, असाच आयुर्वेदाचाही रोख आहे, असे ते म्हणतात. आणि त्यात केवळ पशूची नव्हे, मुळे खणणे, साली सोलणे, झाडांचा कोवळा जीव काढणे याचीही गणना करतात. फांद्या तोडून झाडालाच कुंपण घालण्यासारखी ही अहिंसा, असा त्यांचा मार्मिक उपहास आहे. पण लगेच ते खरा अहिंसक कसा ओळखावा ते सांगतात. त्याच्या ताटापाशी ते थांबत नाहीत. त्याचे चालणे पाहा, पाहणे पाहा, हात पाहा. आणि विशेषेकरून त्याचे बोलणे पाहा, की आपल्या शब्दाने कोणी दुखावेल या धास्तीने तो बोलतच नाही, बोललाच तर मायेने बोलतो.

भाविकहो, जीभ एकच, पण तिला कामे दोन : ती खाते आणि ती बोलते. आपण माळकरी तिच्या पहिल्या कामावर पहारा ठेवतो आणि दुसऱ्या कामाला मोकळी सोडतो.

तिसरी शंका : मांसावाचून कष्टकऱ्याचे अंग टिकते काय?

टिकते, पण नुसत्या माळेने टिकत नाही, ताटानेच टिकते. फडावरचे जेवण काय असते? पहाटे तीन-चारला उठून थापलेली भाकरी, ठेचा आणि चहा. दुपारी तीच भाकरी. यात मांस नाही हे खरे, पण यात डाळ तरी कोठे आहे? दोष माळेला देण्याआधी ताटाकडे पाहावे.

थोडा हिशेब मांडतो. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात, असे आहारशास्त्र सांगते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम, शेंगदाण्यांत ७ ग्रॅमच्या आसपास. पन्नास ग्रॅम तुरीच्या डाळीत ११ ग्रॅमच्या आसपास. बाजरीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे ११. अंड्याचे प्रथिन गुणाने सरस, हे नाकारू नये. पण भाकरी आणि डाळ एकत्र आली की एकीचे उणे दुसरी भरून काढते. म्हणजे जुन्या माणसांचे वरण-भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी हे सारे शहाणपणाचे होते. आपण वरण सोडले आणि भाकरीला चहा लावला.

रक्तासाठी लोह पाहिजे. बाजरी, मटकी, हिरव्या पालेभाज्या, तीळ, अळीव यांत ते आहे. पण वनस्पतीतले लोह अंगी थोडे लागते. वर लिंबू पिळले तर अधिक लागते आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळतात, त्या चुकवू नयेत.

बी-बाराची गोष्ट मात्र वेगळी. भाकरी, डाळ, भाजी यांत ते नाही. दूध-दह्यात आहे. ज्या माळकऱ्याच्या घरी दुभते नाही व विकतचे परवडत नाही, त्याला ते उणे पडू शकते. मग हातपाय झिणझिणतात, थकवा येतो, चक्कर येते. यात लाजण्यासारखे काही नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी वा इंजेक्शन घ्यावे. ते औषध कारखान्यात सूक्ष्म जंतूंकडून आंबवून तयार करतात. त्यासाठी जनावर कापावे लागत नाही. माळ आणि अंग दोन्ही टिकविण्याची अशी वाट असताना, तपासणी न करता माळेवर ठपका ठेवणे बरे नव्हे; तसेच तपासणी न करता "विठ्ठल बघून घेईल" म्हणून बसणेही बरे नव्हे. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसाच अगदी न खाणाऱ्यालाही साधत नाही, हे भगवंतानेच गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगून ठेवले आहे.

कित्येकजण विचारतात, "आता दुकानच्या अंड्यात जीव नसतो म्हणतात. मग ते चालेल का?" कोंबड्यांच्या कारखान्यातील अंड्यांत बहुधा पिल्लू होण्याचा संभव नसतो, हे खरे आहे. परंतु व्रताचा अर्थ घेताना जो धरला तोच पुढेही धरावा. माळ घालताना "मांस-अंडे वर्ज्य" असे समजून घातली असेल, तर आता शब्दाची फोड करून वाट काढू नये. खायचे तर उघड निर्णय करून खावे. शब्दाच्या फटीतून निसटू नये.

चौथी शंका : घरातल्या इतरांचे काय?

व्रत घेणाऱ्याचे असते. बायकोने माळ घातली नसेल तर तिच्या पोटावर आपली माळ टांगू नये. तिने मनापासून सोडले असेल तर आनंद आहे. पण नवऱ्याच्या धाकाने किंवा लोक काय म्हणतील म्हणून सोडले असेल, तर ते तिचे व्रत नव्हे, आपली जबरदस्ती आहे. आणि जबरदस्तीत हिंसा असतेच.

लेकरांचेही तसेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे ठरविले. न खाणाऱ्या मुलांसाठी केळ्यासारख्या फळाची सोय होती. आपल्या वारकरी मंडळींतून त्याला विरोध झाला. पुढे जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचा निधी थांबविला. या बाबतीत माझे मत सर्वांना पटेल असे नाही, तरी सांगतो. माळकऱ्याच्या मुलाच्या ताटात अंडे पडू नये ही काळजी रास्त होती. पण ज्याच्या घरी ते चालते आणि मिळत मात्र नाही, त्या मुलाच्या ताटातले ते काढून आपल्या व्रतात काय भर पडली, हे मला अजून उमगलेले नाही.

आमच्या थोरांनी काय केले? भगवानगडाच्या भगवानबाबांनी (१८९६–१९६५) या डोंगरपट्ट्यात पशुहत्या थांबवा, मुले शिकवा, म्हणून लोकांना समजावले. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) आपल्या मुलीच्या बारशाला रीतीप्रमाणे मटण-दारू न करता गोडाचे जेवण घातले. जत्रांतल्या बळीविरुद्ध खराटा हाती घेऊन बोलत फिरले. सुरुवात स्वतःच्या घरापासून केली, आणि समोरच्याच्या काळजाला हात घालून केली. ज्यांनी सोडले त्यांनी पटून सोडले. म्हणून ते टिकले.

आता माझी गोष्ट.

पुष्कळ वर्षे झाली. एका गावच्या सप्त्यात माझे कीर्तन होते. गावातला एक माळकरी अंडी खातो, अशी कुजबुज जेवणाच्या पंगतीत माझ्या कानी आली. कीर्तनात मी त्याच्यावर कोटी केली. नाव घेतले नाही. पण गाव लहान होते, सगळ्यांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिले आणि मोठा हशा पिकला. मला त्या हशाचा आनंद झाला, हे आज कबूल करतो. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. काल्याच्या दिवशी त्याच्या शेजाऱ्याने सांगितले की, त्याला क्षय झाला आहे. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या चालू आहेत. अंगात काही राहिले नाही म्हणून डॉक्टरांनी अंडी सांगितली. आणि तो रोज देवासमोर माळ काढून ठेवी, औषधासारखे एक अंडे खाई, अंघोळ करून पुन्हा माळ घाली. उषस्तीची रेघ त्याने पाळली होती. मी ग्रंथ शिकलो होतो, आणि मीच ती पुसली.

आणखी एक सांगायचे राहिले. त्या सप्त्यात माझा घसा बसला होता व मी कॅप्सूल घेत होतो. तिचे आवरण बहुधा जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेल्या जिलेटिनचे असते, हे मला पुष्कळ पुढे कळले. त्याच घशातून मी त्याला हसलो होतो.

तो मनुष्य बरा झाला. पण माळ त्याने पुन्हा घातली नाही, आणि त्याची वारी सुटली ती सुटलीच. म्हणून त्या एकादशीच्या रात्री ऊसतोड्याने विचारले, "पाप लागंल का?" तेव्हा माझी जीभ उचलेना. पाप कोणाला लागते ते मला ठाऊक होते.

रात्रभर विचार करून पहाटे मी त्या गड्याला जे सांगितले, तेच आता सर्वांसाठी लिहितो.

एक : निर्णय ज्याच्या गळ्यात माळ त्याचा. बुवाचा नाही, भावकीचा नाही, डॉक्टरांचाही नाही. डॉक्टरांनी रोग सांगावा, शास्त्राने वाट सांगावी, चालायचे आपण.

दोन : आधी ताट सुधारावे, तपासणी करावी, औषध घ्यावे. एवढ्याने भागत असेल तर माळ उतरविण्याचे कारण उरत नाही.

तीन : इतके करूनही भागले नाही आणि खरोखर जिवाचाच प्रश्न आला, तर ज्यांच्या हातून माळ घेतली त्यांना सांगावे, आपापल्या फडाच्या परंपरेप्रमाणे माळ देवापाशी ठेवावी, औषधापुरते घ्यावे आणि गरज संपताच थांबावे. चोरून काही करू नये. चोरून खाल्ल्याने अंगाला लागले तरी मनाला लागत नाही.

चार : काहींचा निर्णय असाही होईल की, आपल्याला हे व्रत झेपत नाही. त्यांनी माळ आदराने उतरवून ठेवावी. पण नाम सोडू नये, वारी सोडू नये. नामाला ताटाची अट नाही. आणि अशा माणसाला आपण दारातून हाकलू नये.

पाच : माळेने दारू सुटली असेल तर ती गोष्ट हलकी समजू नये. मांसाचा निर्णय आणि दारूचा निर्णय यांची गाठ एकमेकांत बांधू नका. एक सैल झाली तरी दुसरी घट्ट राहिली पाहिजे.

त्या गड्याने सारे ऐकले. "बायकोचं काय?" म्हणाला. मी म्हटले, "तिलाच विचार. आजवर विचारलेस का?" तो गप्प राहिला.

पुढच्या चैत्रात त्याची गाठ पडली. गळ्यात माळ होती. इंजेक्शने घेतली होती. रोज वरण होत नव्हते, पण शेंगदाणे आणि भिजवलेली मटकी डब्यात असायची. घेरी पुन्हा आली नव्हती. आणि बायकोला विचारल्यावर ती म्हणाली होती की, "मला खावंसं वाटतं, पण तुमच्या माळेचं भ्याव वाटायचं." मग कारखान्याच्या तळावर वेगळी कढई आली. दुकानातून अंडी तो स्वतः आणून देई. टोळीतले हसले, "माळकरी आन् अंडी?" त्याने सांगितले, "माळ माझी हाये. भूक तिची हाये." फाल्गुनात मुलगी झाली. दोघी बऱ्या होत्या.

त्याच महिन्यात मी त्या जुन्या गावी गेलो. क्षयातून उठलेला तो मनुष्य आता म्हातारा झाला आहे. मी त्याचे पाय धरले व झाल्याची क्षमा मागितली. पंढरपुराहून आणलेली नवी माळ पुढे केली. त्याने ती हातात घेतली, कपाळाला लावली आणि मला परत दिली. "माझी देवापाशी हाये महाराज. तिथं बरी हाये," एवढेच बोलला. मग घरात हाक मारून मला चहा करायला सांगितले.

ती माळ अजून माझ्या पेटीत आहे. वीणा काढताना ती हाताला लागते, आणि कीर्तनाला उभे राहण्यापूर्वी मी जिभेला विचारतो, आज कोणाला दुखवायचे नाही ना?

आपणही, माऊली, घास घेताना जसे पाहता तसेच शब्द सोडतानाही पाहावे, एवढीच प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.

॥ पुंडलीक वरदे हरि विठ्ठल ॥